प्रश्न क्रमांक सतरा

"पण सर, सगळं वाचायची गरज आहे का? सही तेवढी हवी आहे."

डॉ. प्रणव रेठरेकर बोलून गेले, आणि लगेच त्यांना वाटलं, हे जरा वेगळ्या रीतीने म्हणायला हवं होतं.

खळदकर सरांनी मान वर केली नाही. ते पावट्याच्या शेंगा सोलत होते. ओसरीवर चटई, चटईवर शेंगांचा ढीग, मांडीशी पितळी ताट. वय अठ्ठ्याहत्तर. पुण्याच्या व्यवस्थापन संस्थेतली प्राध्यापकी मुदतीआधी सोडून ते कृष्णाकाठच्या या खेड्यात आले, त्याला वीस वर्षं झाली होती. का सोडली, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. संस्थेत त्याच्या तीन-चार कहाण्या फिरत. प्रत्येक कहाणीत मोठेपणा सांगणाऱ्याचाच जास्त असे.

"सही कशावर?" सरांनी विचारलं.

"संमतिपत्रावर. अभ्यास माझा असला तरी प्रश्नावली तुमची आहे ना. कंपनीचे वकील म्हणतात, मूळ कर्त्याचं लेखी हवं. एक ओळ, खाली सही."

"ती मिळाली की?"

"की अहवाल लागू होतो. त्यांच्या सातही फाउंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, एकदम."

"आणि?"

संस्थेत ते डॉक्टर रेठरेकर होते, चाळीस जणांच्या विभागाचे प्रमुख होते. या ओसरीवर मात्र तीस वर्षांपूर्वीसारखा नुसता प्रणव होता.

"आणि सोमवारी माझी मुलाखत आहे. संस्थेच्या संचालकपदाची. कंपनीचे अध्यक्ष निवड समितीवर आहेत. अहवाल लागू झाला तर पद माझं. नाही झाला तर... नाही."

"हां. म्हणजे सही माझी, खुर्ची तुझी."

"तुमचाच विद्यार्थी बसतोय, सर."

"आधी चटईवर बस. शेंगा सोल."

प्रणव बसला. पॅन्टची इस्त्री सांभाळत, एक गुडघा उभा ठेवून.

देशभर त्याचं नाव होतं. 'नेतृत्वाची पाच वलयं' हा त्याचा सिद्धांत. महाबळेश्वरच्या हॉटेलात त्याचे तीन दिवसांचे वर्ग भरत. मोठमोठे मॅनेजर डोळ्यांवर पट्टी बांधून, हात पसरून, पाठीमागच्या माणसाच्या अंगावर स्वतःला झोकून देत. विश्वास म्हणजे काय ते कळावं म्हणून. काहींच्या डोळ्यांत पाणी येई. चौथ्या दिवशी हेच लोक कारखान्यात परत जात आणि कामगारांच्या चहाच्या सुट्टीतली पाच मिनिटं कापत. वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवर, खुर्चीच्या बरोबर मागे.

"किती फॉर्म भरून घेतलेस?" सरांनी विचारलं.

"चार हजार एकशे बारा."

"मोजलेस किती?"

"तीन हजार आठशे एकोणपन्नास."

"बाकीचे?"

"बाद. अपुरे होते."

"आण."

प्रणव हसला. हे त्याला ठाऊकच होतं. तक्ता दाखवण्याआधी मूळ कागद दाखवा, ही सरांची अट त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होती. या अटीपायी प्रणवच्या प्रबंधाला आठ महिने उशीर झाला होता. आज म्हाताऱ्याला बोलायला जागाच ठेवायची नाही, असं ठरवून तो आला होता. बाद फॉर्मचं खोकं गाडीच्या डिकीत होतं.

त्याने ते स्वतः उचलून आणलं. धाप लागली.

"वजन आहे की रे," सर म्हणाले. "बाद म्हणालास ना?"

सरांनी हात धोतराला पुसले. गठ्ठे एकेक करून काढले. काहींवर चहा सांडला होता. काहींवर कोणी पोराबाळांची नावं गिरवली होती. सर घाई न करता पाहत गेले. एका गठ्ठ्यापाशी थांबले. रबर काढून सगळे फॉर्म चटईवर पत्त्यांसारखे पसरले.

एकेचाळीस फॉर्म. प्रत्येकावरच्या चाळीस प्रश्नांपैकी एकोणचाळिसांची उत्तरं नीट दिलेली. एक जागा कोरी. सगळीकडे तीच.

प्रश्न क्रमांक सतरा. 'तुमच्या विभागात सगळे जण ज्याचं ऐकतात, अशा एका व्यक्तीचं नाव लिहा.'

"कोअर शॉप," प्रणव म्हणाला. "लोखंड ओतण्याआधी साच्यात वाळूचे गाभे बसवतात, ते बनवणारा विभाग. एकेचाळीस माणसं आणि एकालाही नाव सुचलं नाही. नेतृत्व गुणांक शून्य. आमच्या निकषाप्रमाणे नेतृत्वहीन विभाग."

"मग?"

"बंद करून काम बाहेर द्यावं अशी शिफारस केली आहे."

"आणि माणसं?"

"नियमाप्रमाणे जे काही मिळायचं ते मिळेल त्यांना."

सर शेंगांकडे वळले.

"गाभे वाईट बनवतात का?"

"नाही. खरं म्हणजे... बाद माल सातही कारखान्यांत तिथेच सगळ्यात कमी आहे."

"माणसं टिकत नाहीत?"

"नऊ वर्षांत एकानेही सोडलेलं नाही."

"अपघात?"

"शून्य."

"आणि नेतृत्वही शून्य."

"सर, आकडेवारीत असे अपवाद येतात. तुम्हीच शिकवलंत. मी ते लपवलेलं नाही. पान एकशे चारवर तळटीप आहे."

"तळटीप..." सर म्हणाले. "एकेचाळीस माणसं बसवलीस एका तळटिपेत. दाटीच झाली असेल."

प्रणवने दोन शेंगा एकदम मोडल्या. दाणे चटईखाली घरंगळले.

"फॉर्म वाटले कोणी?"

"एचआरच्या बाईंनी."

"गोळा?"

"त्यांनीच. पाळी सुटताना, दाराशी उभं राहून."

"वरती हे काय छापलं आहे?"

"'आपलं नाव गुप्त ठेवलं जाईल.'"

"आणि त्याच्या खाली?"

प्रणवने पाहिलं. तो चौकोन त्याने हजारदा पाहिला असेल.

"ज्याचा त्याचा टोकन नंबर," तो म्हणाला. "ते फक्त हजेरी जुळवायला, सर. कोण राहिलं, कोणी दोनदा भरला..."

सरांनी पुढची शेंग उचलली.

आतून हौसाक्का आली. सरांचा स्वयंपाक तीच बघायची. पासष्टीची, सडसडीत, बोटांची टोकं कायमची तपकिरी झालेली. लग्न होऊन सीमेकडच्या गावी गेली ती बारा वर्षं तंबाखूच्या वखारीत राबली, मग माहेरी परत आली. ती ताटातले दाणे न्यायला वाकली.

"एवढंच व्हय? सकाळधरनं बसलाय की, मास्तर. आन हे साहेब तर शेंगंला भ्याल्यागत सोलत्यात."

"हौसाक्का, एक सांग," सर म्हणाले. "तू वखारीत होतीस, तेव्हा मालकाच्या माणसाने येऊन विचारलं असतं की तुम्ही बायका कोणाचं ऐकता, तर काय सांगितलं असतंस?"

"इचारलं असतं म्हंजे? इचारलंच की. दोनदा. येकदा गोडीनं आन येकदा दार लावून."

"मग?"

"मग काय? म्या म्हणलं, कोनाचं बी न्हाई. समद्या सारख्याच."

प्रणव पुढे सरकला. मुलाखती घ्यायची त्याची सवय जागी झाली.

"आणि खरोखर तसंच होतं, मावशी? का होती कोणी एक? जिच्या शब्दाबाहेर तुम्ही..."

हौसाक्काने ताट कमरेला लावलं आणि त्याच्याकडे बघितलं. मोज्यांपासून चष्म्यापर्यंत.

"तुमी कुठल्या हापिसातनं आलाय म्हणायचं?"

"अगं, माझा विद्यार्थी आहे," सर म्हणाले.

"आसंल," हौसाक्का म्हणाली. "तरी बी कोन न्हवतं."

ती आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला.

"वखार बंद पडून सव्वीस वर्षं झाली," सर म्हणाले. "मालक मेला. तो विचारणाराही मेला."

प्रणव त्या एकेचाळीस कागदांकडे बघत राहिला.

कोरी जागा म्हणजे उत्तर नाही. फॉर्म वाचणाऱ्या त्याच्या यंत्राने तेच धरलं होतं, त्याच्या सहा साहाय्यकांनी तेच धरलं होतं, निबंध तपासणाऱ्या तिन्ही परदेशी विद्वानांनी तेच धरलं होतं. हातात टोकन नंबरचा कागद आणि दाराशी एचआरची बाई, अशा वेळी 'तुमचा पुढारी कोण' या प्रश्नाचा अर्थ कारखान्यातला माणूस काय घेईल, हे एकालाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? त्यांच्यापैकी कोणी कधी टोकन लावलं नव्हतं.

एकेचाळीस जणांनी, एकमेकांशी न बोलता किंवा बोलून, एकच जागा मोकळी सोडली होती.

"सर..." त्याचा आवाज बदलला. "सर, ही माणसं नेतृत्वहीन नाहीत. उलट आहे. असा विभाग सातही कारखान्यांत दुसरा नाही!"

"बरं."

"तुमच्या लक्षात येतंय का? हे कोणीच मोजलेलं नाही अजून. न बोलून केलेलं नेतृत्व. यावर स्वतंत्र निबंध होईल. निबंध काय, पुस्तक होईल! फक्त तो माणूस कोण, ते शोधलं पाहिजे. त्याची सविस्तर मुलाखत, त्याची दिवसभराची नोंद..."

त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण आनंद झाला होता. धंद्याने माणसाला अशी खोड लागते.

तो फॉर्म भराभर उलटू लागला. तिसाव्याच्या पुढे कुठेतरी त्याचा हात थांबला. या फॉर्मवर सतराव्या प्रश्नापुढे काळा ठिपका होता. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, कोणीतरी नाव लिहिलं होतं. मग त्यावर पेन फिरवलं होतं. आडवं, उभं, गोल. कागद फाटायच्या बेताला आला होता. यंत्राने ती जागाही कोरीच धरली होती.

प्रणव उठला. ओसरीच्या कडेला ऊन होतं. त्याने कागद उलटा करून उन्हात धरला. पेन दाबून लिहिलेलं होतं. मागच्या बाजूने अक्षरं उठली होती. आधी एक वळण दिसलं, मग काना. मग सगळंच.

त्याचे ओठ हलले.

"मोठ्याने वाचू नकोस," सर म्हणाले.

सर त्याच्याकडे बघतही नव्हते.

"इथे कोण आहे, सर? तुम्ही आणि मी."

"नको."

प्रणवने कागद खाली घेतला. नाव साधंच होतं. गावोगावी असतं तसं.

"एकेचाळीस होते," सर म्हणाले. "आता बेचाळीस झालात."

...

नदीवर कोणीतरी गोधड्या आपटत होतं.

"सतरावा प्रश्न माझा आहे," सर म्हणाले. "बाकीचे एकोणचाळीस इकडून तिकडून गोळा केलेले. तो एक माझ्या डोक्यातला. त्याच्यामुळे माझं नाव झालं."

"माहीत आहे, सर. आम्ही शिकवतो तो."

"हो. शिकवता..." सरांनी एक शेंग हातात घेतली आणि सोलली नाही. "पहिल्यांदा विचारला तो एका कापडगिरणीत. ती माणसं तुझ्या या माणसांइतकी शहाणी नव्हती. का माझ्यावर विश्वास होता त्यांचा, कोण जाणे. मी महिनाभर त्यांच्यात बसून डबा खात होतो. अठ्ठेचाळीस जणांनी एकच नाव लिहिलं. गणपत शेलार."

प्रणव खाली बसला. या वेळी त्याने इस्त्री सांभाळली नाही.

"मॅनेजर म्हणाला, मूळ फॉर्म बघू. चांगला माणूस होता. मला गाडी दिली होती, खोली दिली होती. मी दिले."

"मग?"

"तीन आठवड्यांत शेलारची बदली. तीन महिन्यांत चौकशी. गिरणीतली एक कात्री त्याच्या पिशवीत सापडली म्हणे. कामावरून काढला. आणि माझा निबंध त्याच महिन्यात छापून आला. त्यावर मला बढती मिळाली."

"तुम्ही काही केलं नाहीत?"

"पेढे वाटले."

प्रणवने मान खाली घातली.

"एकदा घरी आला होता," सर म्हणाले. "दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. भांडायला आला असेल असं वाटून मी बायकोला आत पाठवलं. तो म्हणाला, 'सर, झाला का पास तुमचा अभ्यास?' मी म्हटलं, झाला. म्हणाला, 'बरं झालं.' आणि गेला."

प्रणवने हातातली शेंग खाली ठेवली.

"खरंच बरं वाटलं होतं रे त्याला."

प्रणवने विचारलं, "मग तो प्रश्न काढून का नाही टाकलात, सर?"

"तोवर पुस्तकात गेला होता. तुझ्यासारखे हुशार विद्यार्थी तो शिकवायला लागले होते. शेवटी मी नोकरी सोडली. प्रश्न नोकरीतच राहिला."

आतून फोडणीचा वास आला. हौसाक्काने विचारलं, साहेब जेवायला आहेत का. कोणी उत्तर दिलं नाही. तिनेच ठरवून घेतलं असावं, कारण तिने आणखी एक पाट आपटला.

प्रणव आता हिशेब मांडत होता. या वेळी आकड्यांचा नव्हे. सोमवारी सकाळी साडेदहाला त्याला कंपनीच्या अध्यक्षांसमोर बसायचं होतं. तो बोटांवर मोजत बोलू लागला. सरांशी कमी, स्वतःशी जास्त.

"अहवाल आहे तसा दिला तर कोअर शॉप बंद. एकेचाळीस जण जातात. ते नेतृत्वहीन नाहीत असं सांगितलं, तर अध्यक्ष पहिला प्रश्न विचारतील, मग त्यांचा पुढारी कोण? नाव सांगितलं तर तो जातो. सांगितलं नाही तर माझ्या म्हणण्याला पुरावा काय? पुन्हा एकेचाळीस जातात." तो थांबला. "सर, तळटीप मोठी करता येईल. शिफारस सौम्य करता येईल. 'बंद करावा'च्या जागी 'फेरविचार करावा'..."

"सौम्य," सर म्हणाले.

"मग काय करू? दोनच वाटा दिसतात."

"तिसरी आहे."

"कोणती?"

"बाकीच्या तीन हजार आठशे एकोणपन्नास फॉर्मांवरही टोकन नंबर आहेत ना?"

"आहेत."

"तेही त्याच दाराशी गोळा केलेस?"

सर काय म्हणताहेत ते प्रणवला कळलं. हा एका विभागाचा प्रश्न नव्हता. ज्यांनी नावं लिहिली होती, त्यांनी तरी खरी लिहिली होती कशावरून? दाराशी उभ्या असलेल्या बाईंना आवडतील ती लिहिली असतील. सुपरवायझरची, फोरमनची, साहेबाच्या मेहुण्याची. पाच वलयांचा सगळा डोलारा अशाच नावांवर उभा होता. गेली सात वर्षं.

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की अभ्यासच चुकला," तो सावकाश म्हणाला. "सगळाच. कोणत्याही विभागाबद्दल यातून काहीही ठरवता येत नाही, असं."

सर शेंग सोलत राहिले.

"तसं लिहून दिलं तर... ते एकेचाळीस राहतात. या अहवालावरून तरी कोणी त्यांना काढू शकत नाही. त्याचंही नाव निघत नाही." त्याने त्या काळ्या ठिपक्याच्या कागदाकडे नजर टाकली आणि तो पालथा ठेवला. "कोणीच जात नाही."

"एक जण जातो," सर म्हणाले.

"कोण?"

सरांनी हात पुसले. प्रणवच्या बॅगेतून वर डोकावणारा अहवाल ओढून घेतला, मांडीवर ठेवला आणि पहिलं पान उघडलं. वर ठळक अक्षरांत शीर्षक. त्याखाली, 'डॉ. प्रणव रेठरेकर'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'प्रा. भालचंद्र खळदकर यांच्या प्रश्नावलीवर आधारित'.

सरांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं.

क्षणभर प्रणवला वाटलं, सही करताहेत. आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. इतकं ऐकून झाल्यावरही.

सरांनी बारीक अक्षरांतल्या स्वतःच्या नावावर पेन टेकवलं. आडवं फिरवलं. मग उभं. मग गोल, गोल. घाई नव्हती, राग नव्हता. नाव पूर्ण काळं होईपर्यंत ते थांबले नाहीत. मग पान उचलून उजेडात धरलं, मागून काही दिसतं का ते पाहिलं, आणि आणखी एकदा पेन फिरवलं.

पान प्रणवच्या पुढ्यात ठेवलं. त्यावर आता एकच नाव उरलं होतं.

प्रणव त्याकडे बघत होता. त्या नावाला तीस वर्षं लागली होती. विट्याच्या एसटी स्टँडवर वडिलांची चहाची गाडी होती, तिथपासून.

"सर... सोमवारी मुलाखत आहे माझी."

"ठाऊक आहे."

"सगळं संपेल, सर."

सरांनी पेनला टोपण लावलं आणि ते चटईवरून त्याच्याकडे सरकवलं.

"हे घेऊन जा. सोमवारपर्यंत पुरेल एवढी शाई आहे त्यात."